एकोणचाळिसाव्या वर्षी कप जिंकणारी जोशना

‘स्क्वॉश’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं काय येतं? माझ्यापुढं तर सरबताची बाटली येते! आमच्या बचत गटानं दोन उन्हाळे लिंबाचं स्क्वॉश करून विकलं. साखरेचा भाव, फुटलेल्या बाटल्या आणि उधारी एवढंच त्यातून हाती लागलं. त्यामुळं 2025 च्या डिसेंबरात माझी पुतणी मोबाइल नाचवत आली आणि म्हणाली, ‘‘मोठी आई, आपण स्क्वॉशचा वर्ल्ड कप जिंकला!’’ तेव्हा मी भाकरी थापता थापता विचारलं, ‘‘सरबताचा पण वर्ल्ड कप असतो होय गं?’’

पोरगी हसून हसून लोळली. मग तिथंच चुलीपुढं बसून तिनं मला तो खेळ दाखवला. चार भिंतींच्या खोलीत दोघी बायका, हातात रॅकेट, आणि चेंडू समोरच्या भिंतीवर हाणायचा. मधे जाळी नाही, काही नाही. मला आधी वाटलं, ह्या भांडतायत की काय!

आमचं गाव करमाळा तालुक्यात, उजनीच्या पाण्याला लागून. जुनं गाव धरणात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की सासूबाई अजून हात करून दाखवतात, ती बघ आपली भिंत. नव्या गावात ऊस आहे, केळी आहे, चिलापी मासा आहे, हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला पुण्याची माणसं येतात. स्क्वॉशची खोली मात्र नाही, आणि लवकर होईल असंही नाही. तरी हे लिहितेय, कारण त्या मोबाइलवरच्या दोघींतली एक एकोणचाळीस वर्षांची होती. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनीच लहान!

तिचं नाव जोशना चिनप्पा. चेन्नईची. फील्ड मार्शल करिअप्पा तिच्या नात्यातले, वडील स्वतः स्क्वॉश खेळणारे. म्हणजे घरातच खेळ, जवळ क्लब, हातात रॅकेट देणारा बाप. हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर ‘जिद्द असली की सगळं होतं’ असं वाचून आपण उगीच आपल्याच पोरींना बोल लावतो. आठवड्याला शेतमजुरीचा हिशेब करणाऱ्या घरातून ह्या खेळात कुणी सहज जात नाही.

पण क्लब पुष्कळांना मिळतो, जोशना एखादीच होते. 2000 साली, चौदाव्या वर्षी ती बायकांच्या गटात राष्ट्रीय विजेती झाली. आपण त्या वयात नववीच्या गणितात अडकलेलो असतो. 2005 ला इंग्लंडमधली ज्युनिअर ओपन एकोणीस वर्षांखालच्या गटात जिंकली, असं करणारी ती पहिली भारतीय मुलगी. त्याच वर्षी जगाच्या ज्युनिअर स्पर्धेत दुसरी आली. पुढं 2014 ला ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दीपिका पल्लिकलबरोबर दुहेरीचं सुवर्णपदक, स्क्वॉशमधलं राष्ट्रकुलचं भारताचं पहिलंच पदक. 2016 ला जगात दहावी. 2017 ला आशियाची विजेती, 2019 ला पुन्हा.

आता ह्या खेळाचा एक गुण सांगते, मला फार आवडला. त्याचा चेंडू चोवीस ग्रॅमच्या आसपासचा, काळा, रबरी, आतून पोकळ, त्यावर पिवळे दोन ठिपके. तो गार असला तर उसळतच नाही! खाली टाकला तर मातीच्या गोळ्यासारखा बसतो. म्हणून खेळायच्या आधी दोघी तो भिंतीवर मारून मारून गरम करतात. खोली साधारण बत्तीस फूट लांब, एकवीस फूट रुंद. अकरा गुणांचा एक गेम, तीन गेम आधी जिंकेल ती जिंकली. ऐकायला सोपं. पण प्रत्येक चेंडूला खाली वाकायचं, पुढं झेपावायचं, पुन्हा मधल्या जागेवर यायचं. सगळा भार गुडघ्यावर.

आणि तो गुडघाच आडवा आला. ऐन पंचविशीत जोशनाला त्या दुखापतीनं कित्येक महिने कोर्टाबाहेर बसवलं. वर जी पदकं मोजली ना, ग्लासगो, आशिया, जगात दहावी, ती सगळी त्याच्या नंतरची आहेत! हे मी जाऊबाईला दोनदा सांगितलं.

जाऊबाईचा प्रश्न मात्र वेगळाच. ‘‘अक्का, ते सगळं खरं. पण खेळून पोट भरतं का?’’

प्रश्न चेष्टेचा नव्हता. आमची पुतणी खो-खो खेळते. जिल्ह्याच्या संघात निवड झालीय आणि तालुक्याच्या प्रशिक्षकांनी क्रीडा वसतिगृहाचा फॉर्म भरायला सांगितलाय. भावजी म्हणतात, बारावीपर्यंत खेळू दे, मग पुरे. मीही खो-खो खेळायचे. दहावीची परीक्षा झाली आणि खेळ सुटला, कुणी बंद कर म्हणालंसुद्धा नाही. बुटाची जोडी माळ्यावर गेली एवढंच.

म्हणून मी पोटाचा हिशेब नीट बघितला. स्क्वॉशचे व्यावसायिक खेळाडू कुणाचे नोकर नसतात. वर्षभर गावोगाव, म्हणजे देशोदेशी, स्पर्धा चालतात. जिंकाल तसं बक्षीस आणि क्रमवारीचे गुण. तिकीट, राहणं, प्रशिक्षक, गुडघ्याचा डॉक्टर, सगळं आपल्या पदरचं, नाहीतर प्रायोजक शोधायचा. पहिल्याच फेरीत हरलात तर परतीचं भाडंही निघेल याची खात्री नाही. अगदी आपल्या कांद्यासारखं! गोव्याची आकांक्षा साळुंखे याच वाटेनं गेली, आपल्या महाराष्ट्राची उर्वशी जोशीही. आडनावं आपली, म्हणून जरा जवळचं वाटलं.

शिवाय बाईला आणखी एक वजावट. आपल्या राष्ट्रीय स्पर्धेत वर्षानुवर्षं पुरुष विजेत्याला जास्त रक्कम आणि बाईला कमी. दीपिका पल्लिकल 2011 ला राष्ट्रीय विजेती झाली आणि त्यानंतर तिनं स्पर्धेवर बहिष्कार घातला. समान बक्षीस द्या, मग येते. कितीतरी वर्षं ती आलीच नाही. 2016 ला रक्कम सारखी झाली, ती आली, खेळली आणि जिंकूनही गेली. रोजगार हमीवर बाईची आणि गड्याची हजेरी सारखी लागते, पण उसाच्या खुरपणीला अजून फरक आहे हे आपल्याला कुणी सांगायला नको. तरी ‘फरक काढा, नाहीतर मी येत नाही’ असं म्हणायची सोय आपल्याला कुठं? दीपिकाला ती होती, आणि तिनं ती वापरली.

हीच दीपिका क्रिकेटवाल्या दिनेश कार्तिकची बायको. (आमच्याकडं तिची ओळख तशीच द्यावी लागते, काय करणार!) 2021 च्या ऑक्टोबरात तिला जुळी मुलं झाली. 2022 च्या एप्रिलमध्ये ग्लासगोला तिनं जोशनाबरोबर जागतिक दुहेरीचं विजेतेपद मिळवलं, आणि सौरव घोषालबरोबर मिश्र दुहेरीचंही. सासूबाईंनी बोटांवर महिने मोजले. ‘‘सहा महिन्यांची बाळंतीण? आणि जुळ्यांची?’’ मग जरा थांबून म्हणाल्या, ‘‘पोरं कुणी सांभाळली?’’ खरा प्रश्न हाच आहे बघा, आणि तो मैदानावरच्या कुणाला सुचत नाही.

राष्ट्रीय विजेतेपदांचीही एक गोष्ट आहे. भुवनेश्वरी कुमारी यांनी 1977 ते 1992 सलग सोळा वेळा ते जिंकलं होतं. तो विक्रम जोशनानं 2019 ला मोडला, तोही आपल्या पुण्यात. उजनीत येतं ते पाणी पुण्याकडचंच, पण ही बातमी काही तेव्हा आमच्यापर्यंत वाहत आली नाही. 2024 ला तिला पद्मश्री मिळाली. तोवर क्रमवारीतून ती घसरत चालली होती, शंभराच्याही खाली गेली. सगळ्यांना वाटलं असणार, झालं आता. आणि 2025 च्या ऑक्टोबरात बाईनं जपान ओपन जिंकली! डिसेंबरात चेन्नईच्या वर्ल्ड कपला संघात दोन पुरुष आणि दोन बायका. हाँगकाँगविरुद्ध अंतिम सामन्यात पहिल्यांदा उतरली जोशनाच, आणि जिंकली. मग अभय सिंग जिंकला, मग अनाहत सिंग. तीन-शून्य. अनाहत सतरा वर्षांची. जोशनानं पहिली राष्ट्रीय स्पर्धा जिंकली तेव्हा ही जन्मलीसुद्धा नव्हती.

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईत ऑलिंपिक समितीची बैठक झाली, तिथं स्क्वॉशला लॉस एंजेलिसच्या 2028 च्या ऑलिंपिकमध्ये जागा मिळाली. इतकी वर्षं हा खेळ दारात उभा होता. दार उघडलं तेव्हा जोशनाची सदतिशी उलटलेली.

जाऊबाईला मी शेजारच्या धाराशिवचंही उदाहरण दिलं. खो-खोची सारिका काळे 2016 ला गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताची कर्णधार होती, सोनं जिंकून आली. 2020 ला अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा ती तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी होती. खो-खोत देशोदेशीचा दौरा नाही, पण नोकरी लागू शकते. लागेलच असं मी म्हटलं नाही. खोटं कशाला बोलायचं?

‘‘आणि नाही लागली तर?’’ जाऊबाई.

‘‘नाही लागली तर बारावी आहेच की. फॉर्म भरला म्हणून पुस्तकं काही पाण्यात जात नाहीत.’’

‘‘त्या जोशनाचं लग्न झालंय का हो अक्का?’’

मी काही बोलायच्या आत पुतणी आतून ओरडली, ‘‘आई, तिनं नॅशनल कितीदा जिंकली ते विचार की! एकोणीस वेळा!’’

रात्री भावजी आले, फॉर्म उलटसुलट करून वाचला. वसतिगृहात मुलींना बाई अधीक्षक आहे का, एवढंच विचारलं. ‘‘आहे,’’ मी म्हटलं, ‘‘फोन करून विचारलंय.’’ त्यांनी पेन मागितलं नाही, पण फॉर्म परतही दिला नाही. देवघराच्या फळीवर, विजेच्या बिलाखाली ठेवलाय. शेवटची तारीख अजून आठ दिवसांवर आहे. माळ्यावरचे माझे बूट मी काढून बघितले, तळ पार निघालेत. करमाळ्याच्या बाजाराला जाईन तेव्हा पोरीच्या मापाचे नवे घेऊन येते म्हणते.