विश्लेषण : आरेच्या जंगलाला बीट मिळतो तेव्हा… ‘द वारली रिव्होल्ट’ पुन्हा का ऐकावं?

आरे जेव्हीएलआर हे मेट्रो ३ चं पहिलं स्थानक. इथे चढलं की हमखास बसायला जागा मिळते आणि कफ परेडपर्यंत जवळपास तासभर हेडफोन लावून काढता येतो. या मेट्रोची कारशेड ज्या आरेत उभी आहे, त्याच आरेबद्दलचं ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणं २०१९ मध्ये आलं. मेट्रो धावू लागल्यावर ते ऐकणं जरा अवघड वाटतं, म्हणूनच ऐकायला हवं.

गाणं कोणाचं?

‘स्वदेसी’ हा मुंबईतला बहुभाषिक हिपहॉप गट. मवाली, १०० आरबीएच, तोडफोड असे रॅपर आणि इलेक्ट्रॉनिक संगीत तयार करणारे निर्माते यात एकत्र आले. त्यांच्या संगीतात डबस्टेपचा जड बास ऐकू येतो. या गाण्यात त्यांच्यासोबत आहेत आरेतल्या केलटीपाड्याचे आदिवासी कार्यकर्ते आणि गायक प्रकाश भोईर. नावात १९४५ च्या वारल्यांच्या उठावाची आठवण आहे. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली तलासरी-डहाणू पट्ट्यात वेठबिगारीविरुद्ध झालेला तो लढा.

लोकगीत आणि लॅपटॉप जुळतात कसे?

संगणकावर संगीत करताना आधी ठरावीक वेगाची चौकट आखली जाते, मिनिटाला इतके ठोके. पाड्यावरचं गाणं अशा घड्याळावर चालत नाही. मग निर्मात्यापुढे दोन वाटा असतात : आवाज ताणून-आखडून चौकटीत बसवायचा, किंवा आवाजासाठी बीटमध्ये जागा सोडायची. दुसरी वाट मला प्रामाणिक वाटते.

तसंही अखंड घुमणारा सूर वारल्यांना नवा नाही. दुधी भोपळा आणि बांबूच्या नळ्यांचा तारपा वाजवणारा वादक फुंकताना नाकाने श्वास घेत राहतो, त्यामुळे सूर तुटत नाही. सिंथेसायझरवर एक कळ दाबून धरली की साधारण हेच होतं.

एक सूचना : असं संगीत मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. ५०-६० हर्ट्झचा बास तो छोटा स्पीकर वाजवूच शकत नाही, अर्धं गाणं गायब होतं.

त्याच वर्षी आरेत काय झालं?

४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वृक्षतोडीविरोधातल्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडं पडली होती. पुढे कारशेड २०२० मध्ये कांजूरमार्गला हलवण्याचा निर्णय झाला, २०२२ मध्ये ती परत आरेत आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये बीकेसीपर्यंत आणि वर्षभराने कफ परेडपर्यंत मेट्रो सुरू झाली. मीही तिनेच फिरतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

निसर्गालाच कलाकार मानलं तर?

एप्रिल २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांशी जोडलेल्या ‘साउंड्स राइट’ उपक्रमाने स्पॉटिफायसारख्या मंचांवर ‘नेचर’ या नावाने कलाकाराचं खातंच उघडलं. ब्रायन ईनोपासून आपल्या अनुव जैनपर्यंत अनेकांनी पाऊस, लाटा, पक्ष्यांचे आवाज गाण्यात घेतले. रॉयल्टीचा वाटा निसर्गसंवर्धनाला जातो. कल्पना छानच. पण पाऊस कधी तक्रार करत नाही. ‘वारली रिव्होल्ट’मध्ये श्रेयनामावलीत जंगलात राहणाऱ्या माणसाचं नाव आहे, आणि त्याचं म्हणणं ऐकायला सुखद नाही. माझ्या मते फरक इथेच पडतो.

गटातला तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, मार्च २०२२ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला. गाणं मात्र यूट्यूबवर आहे. बीकेसीपर्यंत ते चार-पाच वेळा सहज ऐकून होईल. स्थानकावर असतानाच डाउनलोड केलेलं बरं, पुढे सगळं भुयार आहे.