इसापूर : शरदातील पक्षीमार्गावरील जलाशय

उत्तरेकडून व पूर्वेकडून वर्धेने आणि दक्षिणेकडून पैनगंगेने वेढलेला यवतमाळ जिल्हा बव्हंशी पठारी व डोंगराळ असून, जिल्ह्याचे मुख्य ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. अशा उताराच्या भूमीवर पावसाचे पाणी फार काळ थांबत नसल्यामुळे आज येथे दिसणारे विस्तीर्ण जलाशय धरणांनीच निर्माण केलेले आहेत. बाभूळगाव तालुक्यातील बेंबळा, दिग्रसजवळील अरुणावती, पुसद तालुक्यातील पूस आणि यवतमाळ शहराची तहान भागवणारा निळोणा हे त्यांपैकी काही होत. परंतु पक्षी-अभ्यासाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा जलाशय म्हणजे पुसद तालुका आणि हिंगोली जिल्हा यांच्या सीमेवर पैनगंगेवर बांधलेला इसापूर. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाच्या या जलाशयाच्या परिसराला अभयारण्याचा दर्जा मिळालेला आहे.

परतीचा पाऊस ओसरला, सोयाबीनची काढणी उरकली आणि कपाशीची पहिली वेचणी सुरू झाली, की या पठारावरून पक्ष्यांचे स्थलांतर डोळ्यांना दिसू लागते. जे स्थलांतर दिवसा चालते आणि एका ठिकाणी उभे राहून प्रत्यक्ष पाहता व मोजता येते, त्याला दृश्य स्थलांतर म्हणतात. माळभिंगऱ्या वाऱ्याच्या तोंडाला पाण्यालगत खालून जातात, धोबी तुटक हाका देत लहान गटांनी पुढे सरकतात, तर भोवत्या आणि इतर शिकारी पक्षी सकाळी जमीन तापून वर चढणाऱ्या उष्ण हवेच्या झोतांवर घिरट्या घेत उंची गाठतात. मध्य आशियात वीण घालणाऱ्या भोरड्या तर ऑगस्ट-सप्टेंबरातच महाराष्ट्रात पोहोचलेल्या असतात. याउलट बदकांचा प्रवास बहुधा रात्री होत असल्याने त्यांचे उड्डाण क्वचितच दिसते. आदल्या सायंकाळी रिकाम्या असलेल्या पाण्यावर पहाटे तलवार बदकांचा किंवा थापट्यांचा नवा थवा आढळतो, एवढीच त्या प्रवासाची खूण.

विदर्भातील हे जलाशय मध्य आशियाई उड्डाणमार्गावर, म्हणजे सायबेरिया व मध्य आशियातील वीणभूमी आणि भारतीय उपखंड यांना जोडणाऱ्या हवाई वाटांच्या पट्ट्यात येतात. तिबेट आणि मंगोलियातील उंच सरोवरांवर वाढणारा पट्टकदंब हिमालय ओलांडून याच मार्गाने हिवाळ्यात दक्षिणेकडे येतो. नागालँडमधील डोयांग जलाशयाजवळ रात्रथाऱ्यासाठी जमणाऱ्या अमूर ससाण्यांपैकी काहींना नोव्हेंबर २०१३ मध्ये उपग्रह-प्रेषक बसवल्यावर ते भारतीय द्वीपकल्प आणि पुढे अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत गेल्याचे सिद्ध झाले. माणसाने बांधलेले पाणी आंतरखंडीय प्रवासाचा टप्पा कसे बनते, याचे याहून बोलके उदाहरण भारतात शोधावे लागेल.

तथापि, धरण भरलेले दिसले म्हणजे पक्षी भरपूर, हा समज चुकीचा आहे. तुडुंब भरलेल्या जलाशयाची कड खोल आणि उभी असते; तुतवार, टिलवा, चिखल्या यांसारख्या काठावरच्या पक्ष्यांना मात्र बोटभर पाणी आणि ओला गाळ हवा असतो. पाण्यात बुडी मारून खाणारी शेंडी बदके आणि लालसरी खोल पाण्यावर राहू शकतात. तलवार बदक व थापट्या मात्र उथळ पाण्यातच चरतात. म्हणून ऑक्टोबरमध्ये धरणाच्या भिंतीपेक्षा जलाशयाची शेपटी, म्हणजे नदी-नाले जेथे फुगवट्यात शिरतात तो उथळ भाग, पाहणे अधिक फलदायी ठरते. पुढे रब्बीसाठी कालव्यांना पाणी सुटू लागले, की बुडीत क्षेत्राची कड हळूहळू उघडी पडते आणि काठावरच्या पक्ष्यांची संख्या वाढते. त्याच ओल्या जमिनीवर गावकरी गाळपेर, म्हणजे पाणी हटलेल्या गाळात केलेली पेरणी, करतात. पक्षी, शेतकरी आणि मासेमार यांची गरज एकाच अरुंद पट्ट्यात एकवटत असल्यामुळे येथील संरक्षणाचा खरा प्रश्न पाणी कधी आणि किती वेगाने उतरते, हाच आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात काही उथळ शेपट्या शांत ठेवणे आणि पाण्याची पातळी एकाएकी न बदलणे, या दोन गोष्टी अभयारण्याच्या फलकापेक्षा पक्ष्यांना अधिक उपयोगी पडतील.

निसर्गलेखक मारुती चितमपल्ली यांची जयंती ५ नोव्हेंबरला आणि पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांची १२ नोव्हेंबरला येत असल्याने महाराष्ट्रात हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो, आणि इसापूरला जाण्यासाठीही तोच काळ योग्य आहे. अभ्यासकांनी वन विभागाची परवानगी घेऊन सूर्योदयापूर्वी पोहोचावे, थव्यांच्या जवळ जाण्यासाठी बोट किंवा ड्रोन वापरू नये, आणि पक्ष्यांच्या नोंदीबरोबर त्या दिवशीची पाणीपातळीही लिहून ठेवावी.