एकशे वीस ग्रॅमची पुडी

राजूरच्या गणपतीचं दर्शन उरकून मामांच्या वावरात आलो, तेव्हा ते कपाशीचं एक फूल हातात धरून उभे होते. उमलायचं सोडून पाकळ्या टोकाला पीळ घालून मिटलेल्या. "ही डोमकळी." नखानं पीळ सोडवला, तर आत परागात माखलेली पांढुरकी अळी. मग विळ्यानं एक बोंड चिरलं. वरून हिरवंगार, आत दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या आणि त्यांच्या पोटात गुलाबी अळी.

या अळीला विषारी ठरणाऱ्या बीटी कपाशीला 2002 साली परवानगी मिळाली. पुढं बरीच वर्षं 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅमची बिगर-बीटी सरकीची पुडी यायची. ती वावराच्या कडेनं लावायची. तिच्यावर वाढलेल्या पतंगांना बीटीचं विष अंगवळणी पडलेलं नसतं. बीटी पचवून वाचलेल्या पतंगाचा त्यांच्याशी जोडा जमला, की पिल्लं बहुधा बीटीवर मरतात. गुलाबी अळी जवळजवळ कपाशीवरच जगते, म्हणून या कडेच्या ओळींना एवढं महत्त्व.

"दोन वर्षं लावली," मामा म्हणाले. "शेजाऱ्यानं नाही लावली. मी माझ्या ओळीवर अळ्या पोसायच्या अन् फायदा साऱ्या शिवाराला? मग पुडी आढ्यालाच खोचून ठेवायचो."

हिशेब चुकीचा कसा म्हणावा? तो त्यांना कुणी विचारलाच नव्हता. बीटी वांग्याचं नशीब वेगळं, तिथं आधी लोकांना विचारलं गेलं. बीटी वांगं महिकोचं, म्हणजे बद्रीनारायण बारवाल्यांनी 1964 साली जालन्यात काढलेल्या कंपनीचं. 2010 च्या सुरुवातीला पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्यावर सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या आणि 9 फेब्रुवारीला वांगं थांबवलं. महाराष्ट्रातली सुनावणी नागपुरात झाली. मराठवाड्याच्या वाट्याला एकही आली नाही.

पुडी कुणी लावत नाही म्हटल्यावर तोडगा निघाला तो असा: आता बिगर-बीटी सरकी पाकिटातच मिसळलेली येते, पाच ते दहा टक्के. मामांनी उरलेलं पाकीट तळहातावर रिकामं केलं. सगळ्या सरक्या एकाच रंगाच्या. "वळख बरं यातली."

मला कुठली ओळखू येणार! सरक्या पाकिटात भरून ते कामगंध सापळ्याकडे वळले. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ पतंग आले, की फवारणीची वेळ झाली समजायची. पिशवीची गाठ सोडून त्यांनी मेलेले पतंग कागदावर झटकले, काडीनं एकेक बाजूला सारत मोजले.

"नऊ. काल आठ होते."