कॉम्प्युटर तयार घ्यावा की जोडून घ्यावा?

सोयाबीनची पट्टी हातात पडली, सोसायटीचे देणे भागले आणि उरलेल्या पैशांतून यंदा घरात कॉम्प्युटर आणायचा असे ठरले, की घरात लगेच दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, चांगल्या कंपनीचा तयार आणा, डोक्याला ताप नको. दुसरा पक्ष बहुधा कॉलेजात जाणाऱ्या मुलाचा किंवा मुलीचा असतो. त्याचे म्हणणे, तेवढ्याच पैशांत सुटे भाग आणून जोडला तर त्याहून सरस होतो. मग आजोबा विचारतात, "अरे, ती काय सायकल आहे काय, अंगणात बसून जोडायला?"

शेतकरी बंधु-भगिनींनो, आपल्या विहिरीवर जाऊन एकदा नीट पाहा. मोटार एका कंपनीची, स्टार्टर दुसऱ्या कंपनीचा, केबल तिसऱ्याची, पाइप चौथ्याचा. पाणी उपसण्याचे यंत्र म्हणून एका खोक्यात बांधून तुम्हाला कोणी काही विकले नव्हते. विहीर किती खोल, मोटार किती अश्वशक्तीची, तिला केबल किती जाडीची, हा मेळ तुम्ही आणि तुमच्या वायरमनने बसवला. ट्रॅक्टर कंपनीचा घेतलात, पण ट्रॉली वर्कशॉपमध्ये बनवून घेतलीत. तेव्हा जोडून घेण्याची रीत तुम्हाला नवी नाही. कॉम्प्युटरही तसाच जोडला जातो आणि कंपनीच्या कारखान्यातही तो तसाच जोडतात.

हे शक्य झाले त्याला कारण आहे. ऑगस्ट १९८१ मध्ये अमेरिकेतल्या आयबीएम कंपनीने आपला पीसी बाजारात आणला, तेव्हा त्याचे बरेचसे भाग स्वतः न बनवता बाहेरून घेतले. त्याचा प्रोसेसर इंटेलचा होता आणि तो चालवणारी प्रणाली मायक्रोसॉफ्टची. जे भाग आयबीएमला विकत मिळाले ते इतरांनाही मिळू लागले. यंत्र सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम तेवढा आयबीएमचा स्वतःचा होता. त्याच्यासारखेच काम करणारा प्रोग्रॅम दुसऱ्यांनी स्वतः लिहून काढला, आणि त्याच धाटणीची यंत्रे जगभर होऊ लागली. आपल्या मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, पूर्वी रेडिओच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध होता. तोच पुढे कॉम्प्युटरच्या भागांची पेठ झाला.

आता आपल्या घराकडे वळू. पहिला प्रश्न, कॉम्प्युटर हवा कशासाठी? सातबारा पाहणे, बाजारभाव पाहणे, योजनेचा अर्ज भरणे एवढ्यासाठी हवा असेल तर ही कामे मोबाइलवर होतात. पैसे ठिबकला किंवा गोठ्याच्या पत्र्याला लावा. मुलगी डिप्लोमाला आहे आणि वसतिगृहात राहते, तर लॅपटॉप घ्यावा लागेल. लॅपटॉप मोनोब्लॉक पंपासारखा असतो, तो घरी जोडता येत नाही, त्यामुळे तिथे वादच मिटला. पण घरी बसून अभ्यास, टायपिंग, हिशेब, थोडेफार चित्रांचे काम आणि धाकट्याचे शिक्षण, असे चार-सहा वर्षांचे काम समोर असेल, तर टेबलावरचा मोठा कॉम्प्युटर स्वस्त पडतो आणि टिकतोही. तयार की जोडलेला हा प्रश्न खरा तिथेच येतो.

लोक याचा निकाल किमतीवर लावतात. मला ते पटत नाही. साध्या कामाच्या यंत्रात कंपनीचाच स्वस्त पडला असेही घडते, कारण कंपनी भाग घाऊक घेते. शिवाय कंपनीच्या यंत्रात बहुधा विंडोजचा रीतसर परवाना आलेला असतो. दुकानदार जोडून देतो त्यात "विंडोज फुकट टाकून देतो" म्हणतो. ते फुकट म्हणजे चोरीचे. परवान्याचे पैसे धरून मग दोन्ही किमती शेजारी मांडा, फरक पुष्कळ कमी झालेला दिसेल. (उबंटूसारखी लिनक्स प्रणाली मात्र खरोखरच फुकट आणि रीतसर मिळते, तिच्यात मराठी टायपिंगही होते.) मागच्या वर्षी कोणाला काय भावाने पडला ते विचारून उपयोग नाही. २०२५ च्या अखेरीस एआयच्या मोठमोठ्या केंद्रांनी मेमरीच्या चिप उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव जगभर भडकले. ज्या दिवशी घ्यायचा त्या दिवशीचाच भाव खरा.

निकाल लावायचा तो, यंत्र बंद पडल्यावर काय होणार यावर. परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख आहे आणि बटण दाबले तर पडदा काळाच. अशा वेळी कोणाला हाक मारणार?

कंपनीचा असेल तर एका फोन नंबरला. हमी बहुधा एक वर्षाची असते, काहींची तीन, आणि घेतेवेळी जादा पैसे भरून ती वाढवताही येते. पण "घरी येऊन दुरुस्ती" या शब्दांवर जाऊ नका. माणूस तुमच्या गावापर्यंत येतो का, हे दुकानातच आपला पिन कोड सांगून विचारा आणि उत्तर लेखी घ्या. काही हमींत यंत्र तुम्हालाच शहरातल्या केंद्रात नेऊन द्यावे लागते. एसटीत मांडीवर कॉम्प्युटर घेऊन जाण्याची तयारी असेल तरच ती हमी घ्या.

जोडलेल्याला एकच धनी नसतो. प्रत्येक भागाची हमी वेगळी. डबाबंद प्रोसेसरची सहसा तीन वर्षे, एसएसडीची तीन ते पाच. मुदत कंपनीच्या यंत्रापेक्षा लांब, पण कोणता भाग गेला हे आधी ओळखावे लागते आणि तो भाग शहरात पाठवून परत येईपर्यंत वाट पाहावी लागते. हमी संपल्यानंतर मात्र पारडे फिरते. जोडलेल्या यंत्राचा वीजपुरवठा करणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, गेला, तर तालुक्याच्या दुकानातून त्याच मापाचा दुसरा आणून स्क्रू-ड्रायव्हरने अर्ध्या-एक तासात बसतो. कंपन्यांच्या काही यंत्रांत तो डबा आणि मदरबोर्ड खास त्यांच्याच मापाचे असतात. बाजारातला बसत नाही, कंपनीचा महाग पडतो.

म्हणून माझे मत असे. ज्यांची रोजची कमाई त्या यंत्रावर आहे, म्हणजे सेवा केंद्र, दूध संकलन, सोसायटीचा हिशेब, त्यांनी कंपनीचा घ्यावा, आणि गावात माणूस येईल अशी तीन वर्षांची हमी घ्यावी. ज्या घरात शिकणारे पोर आहे आणि त्याला यंत्र उघडून पाहण्याची हौस आहे, त्यांनी जोडावा. दोन्ही नसेल, नुसता भाव कमी म्हणून जोडून घेत असाल, तर घेऊ नका.

मुलगी म्हणते, "मीच जोडते." जोडू द्या. १९७५ साली अमेरिकेत अल्टेअर नावाचा कॉम्प्युटर सुट्या भागांच्या संचात मिळे, तेव्हा एकेक भाग सोल्डर करावा लागे. आता तसे काही नाही, स्क्रू आणि खाचा आहेत. लाकडी टेबल घ्यावे, सतरंजीवर बसू नये. हाताला साठलेली स्थिर वीज नाजूक भाग बिघडवते, म्हणून आधी उघड्या लोखंडाला हात लावून घ्यावा. प्रोसेसर आपल्या जागी अलगद बसतो, त्याला जोर लावायचा नाही. रॅमला मात्र टक् आवाज येईपर्यंत दाबावे लागते. वडीलधाऱ्यांनी जवळ बसावे, घाई करू नये. फक्त एक गोष्ट बजावून सांगा: एसएमपीएसचा डबा कधीही उघडायचा नाही. वायर काढल्यावरही त्याच्या आत जोराचा झटका देण्याइतकी वीज साठून राहते.

भागांची निवड हेच खरे काम आहे. प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांचे नाते कुलूप-किल्लीचे असते. इंटेलच्या आय५-१२४०० ला एलजीए १७०० सॉकेटचाच बोर्ड लागतो, एएमडीचा वेगळा. डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या खाचा निराळ्या, एक दुसरीच्या जागी बसत नाही. आणखी एक खोच: इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असते, जसे १२४००एफ, त्याच्यात चित्र उमटवणारा भाग नसतो. तो थोडा स्वस्त म्हणून घेतला तर ग्राफिक्स कार्ड वेगळे घ्यावे लागते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, त्यातला प्रकार.

दुकानदाराकडून जोडून घेणार असाल तर कागदावर प्रत्येक भागाचे पूर्ण नाव मागा. "आय५, आठ जीबी, पाचशे बारा" एवढे सांगणे म्हणजे "पाच एचपीची मोटार" म्हणण्यासारखे आहे. कोणाची? कोणत्या सालची? मदरबोर्डचे आणि एसएमपीएसचे नाव बहुधा गाळलेले असते, आणि काटकसर नेमकी तिथेच केलेली असते. पेटीबरोबर स्वस्तात येणारा एसएमपीएस गावाकडच्या विजेला टिकत नाही. चांगल्या नावाचा, '८० प्लस' छापाचा घ्या. आठ जीबी रॅम एकाच पट्टीची घ्या, म्हणजे दुसरी खाच पुढे वाढवायला मोकळी राहील.

जुना वापरलेला घ्यावा का, हेही पुष्कळजण विचारतात. शहरातल्या कचेऱ्यांतून निघालेली यंत्रे स्वस्तात मिळतात. पण विंडोज १० ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून सर्वसाधारणपणे थांबवली, आणि विंडोज ११ ला इंटेलच्या कोअर मालिकेतला निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. पिढी नावावरूनच कळते. आय५-४५७० म्हणजे चौथी, आय५-८५०० म्हणजे आठवी, आय५-१२४०० म्हणजे बारावी. चौथ्या पिढीचा कितीही चकचकीत पुसून दिला तरी तो लिनक्ससाठीच घ्यावा, नाहीतर सोडून द्यावा.

तयार असो की जोडलेला, विजेची तयारी आधी करा. घराचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. यूपीएस घ्यायलाच हवा. लहान यूपीएस काही मिनिटेच पुरतो, पण काम जतन करून यंत्र नीट बंद करायला तेवढी पुरेत. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे 'यूपीएस' असा खटका आहे का पाहा. तो त्या बाजूला ठेवला तर वीज गेल्यावर बदल लवकर होतो. बिलाची धास्ती नको: पडद्यासह शंभर वॅट धरले तरी दहा तासांना एक युनिट होते.

पेटीच्या मागच्या मोकळ्या फटी पत्र्याच्या पट्टीने बंद करा. आत ऊब असते, पाल आणि मुंग्या शिरतात आणि उंदीर वायर कुरतडतो. मळणीच्या दिवसांत यंत्र झाकून ठेवा, पण चालू असताना झाकू नका. महिन्या-दोन महिन्यांनी वायर काढून रंगाच्या कोरड्या ब्रशने धूळ झाडा.

खरेदीला जाताना वापरणाऱ्यालाच बरोबर न्या. खोकी तुमच्यासमोर फोडायला सांगा. प्रत्येक भागाचा अनुक्रमांक जीएसटीच्या पक्क्या बिलावर लिहून घ्या, कारण हमी त्या अनुक्रमांकावर मिळते. "बिलाशिवाय घ्या, अठरा टक्के वाचतील" असे कोणी म्हटले तर उठून शेजारच्या दुकानात जा. घरी आल्यावर बिलाचा आणि अनुक्रमांकांचा फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. खोकी हमी संपेपर्यंत माळ्यावर राहू द्या, पहिल्याच दिवशी पाणी तापवायला चुलीत घालू नका.