एकवीस जणांची हिंगोली

2011 च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या 11,77,345 भरली आणि महाराष्ट्राची 11.24 कोटी. म्हणजे शंभरात जेमतेम एक माणूस हिंगोलीचा. राज्यात 2,000 जणांची जनमत चाचणी घेतली आणि नमुना लोकसंख्येच्या प्रमाणात वाटला, तर या जिल्ह्याच्या वाट्याला 21 जण येतात. त्यातले तीनेक शहरी, बाकी खेड्यापाड्यांतले.

2,000 जणांवरून राज्याचा कल सांगताना चूक साधारण दोन-सव्वादोन टक्क्यांच्या आत राहते. 21 जणांवरून हिंगोलीचा कल सांगायला गेलं, तर तीच चूक दोन्ही बाजूंना 21 टक्क्यांवर जाते. त्यावरून जिल्ह्याचा मथळा करणं म्हणजे वाचकाची फसवणूक आहे, आणि ती बहुतेकदा अजाणतेपणी होते.

हिंगोली लोकसभा मतदारसंघाचाच अनुभव पाहा. वसमत, कळमनुरी, हिंगोली, शिवाय नांदेडमधले किनवट आणि हदगाव, यवतमाळमधलं उमरखेड असे सहा विधानसभा मतदारसंघ त्यात येतात. 2014 साली इथं राजीव सातव 1,632 मतांनी निवडून आले. पहिल्या दोघांची मिळून मतं होती 9,33,162. एवढा निसटता निकाल चाचणीतून खात्रीनं सांगायचा, तर या मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणांना गाठावं लागलं असतं. 2019 मध्ये मात्र हेमंत पाटील 2,77,856 मतांनी जिंकले. तेव्हा नीट निवडलेले 400 जणही पुरले असते. कुठली लढत चाचणीच्या आवाक्यात आहे आणि कुठली नाही, हे ओळखता येणं बातमीदाराच्या शिक्षणाचा भाग असायला हवा.

विद्यापीठांचं काम इथं सुरू होतं. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात पत्रकारितेचे वर्ग 1952 मध्ये भरू लागले, पुणे विद्यापीठाचा विभाग 1964 चा. लोकमताच्या अभ्यासाची वाट वेगळी राहिली. दिल्लीच्या 'सीएसडीएस' या संशोधन संस्थेत 1997 पासून 'लोकनीती' हा उपक्रम चालतो, पुण्याचे प्रा. सुहास पळशीकर त्याचे सहसंचालक होते. त्याची ताकद राज्याराज्यांतले प्राध्यापक आणि दारोदार फिरणारे विद्यार्थी. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 1994 चं, हिंगोली जिल्ह्याहून पाच वर्षांनी थोरलं. माध्यमशास्त्राचं संकुल तिथं आहे. जिल्ह्याचं लोकमत मोजण्याचं कायमचं केंद्र त्याला जोडायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

कारण खरी अडचण दारात उभं राहिल्यावर कळते. मतदारयादीतून नाव काढलं, घर शोधलं, बाई म्हणते, "मालकाला विचारा." मालक येतो आणि दोघांचं उत्तर एकटाच देतो. कागदावर दोन मतं, प्रत्यक्षात एक. ऊसतोडीला गेलेल्यांच्या दाराला तर कुलूपच. त्यांच्या जागी शेजाऱ्याला विचारलं की नमुना तिथंच बिघडला. कुठलंही सूत्र ही चूक पकडत नाही.

पाच तालुक्यांत 40 मतदान केंद्रं निवडून प्रत्येकी 10 मतदार घेतले, तर 400 होतात. चूक पाच टक्क्यांहून थोडी जास्त. विद्यार्थ्यांच्या दहा जोड्यांनी रोज एकेक केंद्र केलं, तर काम चार दिवसांत उरकतं. फक्त प्रत्येक जोडीत एक मुलगी हवी, आणि बायकांच्या मुलाखती तिनंच, आत स्वयंपाकघरात बसून घ्यायला हव्यात.