हुलगा आधीचा, ज्वारी नंतरची

फाल्गुन अमावास्येला छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीपुढे नतमस्तक व्हायला लोक वढू बुद्रुकला येतात, तेव्हा कोरेगाव भीमाहून आत वळल्यावर दोन्ही अंगांना ऊस दिसतो. भीमाकाठचा हा हिरवा पट्टा पाहून नव्या माणसाला वाटतं, हे रान असंच असणार, पूर्वापार. १६८९ साली मात्र इथे नजर जाईल तिथवर ऊस नव्हता. सोयाबीन नव्हतं, टोमॅटोही नव्हता. आजचा ऊस चासकमानसारख्या धरणांच्या कालव्यांवर आणि नदीवर बसवलेल्या मोटारींवर उभा आहे, म्हणजे गेल्या दोन-तीन पिढ्यांचा. आपल्याकडे आजोबांनी पाहिलेली गोष्ट पूर्वापार ठरते, एवढाच त्याचा अर्थ.

या मातीत मुळात काय पिकत होतं, कोण चरत होतं, कोण काय खात होतं, हे अंदाजाने सांगायची शिरूर तालुक्यावर वेळ नाही. भीमेला मिळणाऱ्या घोड नदीच्या काठी, याच तालुक्यात, इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी या तिघांच्या नावाने त्याचा जाडजूड अहवाल १९८८ मध्ये निघाला. इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० असं नऊशे वर्षं नांदलेलं हे शेतकऱ्यांचं गाव. शंभरावर घरं, धान्याच्या कणगी, चुली, नदीचं पाणी वळवायला खोदलेली चारी आणि तिच्या कडेचा दगडमातीचा बांध, जमिनीखाली पुरलेली माणसं, आणि राखेत जळून राहिलेले दाणे. या पुराव्यापुढे आपले बरेच ठाम समज डळमळतात.

‘ज्वारी-बाजरी हे आपलं आद्य धान्य’

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष जाहीर केलं, तेव्हा फलकाफलकांवर ज्वारी, बाजरी, नाचणी ‘आपली हजारो वर्षांची’ म्हणून झळकली. हजारो वर्षांची आहेत, हे खरं. आधीची मात्र नाहीत.

इनामगावच्या राखेतून पुरावनस्पतिशास्त्रज्ञ मुकुंद काजळे यांनी जे दाणे ओळखले त्यांत पहिला मान सातूचा, म्हणजे जवाचा. त्याच्या जोडीला गहू, मसूर, लाख, वाटाणा, वाल आणि हुलगा. शिवाय बोरांच्या आठळ्या. सातू कमी पाण्यावर येतो, चोपण जमीनही सोसतो, आणि रब्बीत काळ्या रानातल्या ओलीवर निघतो. आज शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याला सातूचं पीक कुठे आहे असं विचारलं तर तो बहुधा किराणा दुकानाकडे बोट दाखवील.

ज्वारीचं मूळ आफ्रिकेत. पूर्व सुदानातल्या बुटाना भागात सापडलेल्या खापरांत ज्वारीच्या भुशाचे ठसे राहून गेले आहेत. भांडी मजबूत व्हावीत म्हणून कुंभार मातीत भुसा कालवायचा. ते ठसे इ.स.पू. ३५०० ते ३००० या काळातले आहेत, आणि त्यांत रानटी कणसाबरोबर माणसाळलेली ज्वारीही दिसते. हे संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. बाजरी पश्चिम आफ्रिकेतल्या सहेल पट्ट्यातली, मालीमधला तिचा पुरावा इ.स.पू. सुमारे २५०० चा. नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली.

मग आपल्याकडच्या जुन्या उत्खननांत ‘ज्वारी सापडली’ असं जे वाचनात येतं त्याचं काय? डोरियन फुलर यांनी २००३ मध्ये अशा नोंदींची एकेक करून उलटतपासणी केली. काही दाणे मुळात दुसऱ्याच गवताचे निघाले, काहींची ओळख पटण्याजोगी नव्हती. आणखी एक साधी अडचण असते. बारीक दाणा उंदराच्या बिळातून, मुंग्यांच्या वाटेने, जमिनीच्या भेगेतून खालच्या थरात घरंगळतो. काळ्या मातीला उन्हाळ्यात हात हात खोल भेगा पडतात हे इथल्या कुणाला सांगायला नको. म्हणून हल्ली थराचं वय दाण्याला चिकटवत नाहीत. शक्य तिथे त्या दाण्याचंच कार्बन-वय काढतात. या चाळणीनंतर उरतं ते इतकंच, की आफ्रिकेतली धान्यं इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकात समुद्रमार्गे भारतात पोचली आणि बराच काळ दुय्यम राहिली. त्यांचं राज्य पुढे आलं.

गंमत अशी की इनामगावचा सातू, गहू नि मसूरही इथले नव्हेत, ते पश्चिम आशियातून आले. या भाऊगर्दीत खराखुरा भूमिपुत्र कोण, तर हुलगा, म्हणजे कुळीथ. कुळथाच्या रानटी जाती भारतीय द्वीपकल्पातल्या, आणि त्याची जुनी लागवडही इथलीच. मूग आणि उडीदही भारतातले. ज्याचं माडगं आजारी माणसाला पाजतात आणि ज्याच्या शेंगोळ्या पाव्हण्यांना वाढताना घरची बाई थोडी संकोचते, तो हुलगा या ताटातला सगळ्यांत जुना वतनदार आहे.

यावरून ज्वारी परकी ठरवायची का? माझ्या मते तो प्रश्नच चुकीचा. आफ्रिकेतून आलेल्या दाण्यातून दख्खनच्या शेतकऱ्याने कोरडवाहू रब्बीला, थंडीतल्या दवाला आणि भाकरीला मानवेल असं वाण शेकडो पिढ्या निवडत आणलं. मालदांडी हे त्याचं फळ आहे, आणि ते सुदानात पिकत नाही. अभिमान बाळगायचाच तर या निवडीचा बाळगावा.

‘उपवासाला तरी आपण जुनंच खातो’

इथे फार वेळ घालवायला नको. साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून करतात तो दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा, बटाटा तिथलाच. रताळं, मिरची आणि चक्क राजगिरासुद्धा अमेरिका खंडातले. पोर्तुगीज जहाजं भारताच्या किनाऱ्याला लागली ती १४९८ मध्ये, त्याआधी यातलं काही एकादशीच्या ताटात असणं कठीण. त्या ताटात मुळातलं भारतीय धान्य एकच, वरई. तिला मात्र आपण भगर म्हणून कोपऱ्यात वाढतो.

‘पूर्वज गाय पाळत, मांस खात नसत’

इनामगावच्या हाडांचा अभ्यास डेक्कन कॉलेजच्या पी. के. थॉमस यांच्यासारख्या प्राणी-पुरातत्त्वज्ञांनी केला. सर्वाधिक हाडं गायबैलांची, मग शेळ्यामेंढ्या, म्हैस, डुक्कर, काळवीट आणि मासे. गायबैलांसह यांतल्या पुष्कळ हाडांवर कापल्याच्या आणि भाजल्याच्या खुणा आहेत. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या गावाची खाण्याची पद्धत ती होती. त्यावरून आज कुणी काय खावं हे ठरत नाही, आणि आज आपण जे मानतो त्यावरून तेव्हाची हाडं बदलत नाहीत. त्याच गावात मातीचा बैल आणि शिर नसलेली स्त्रीमूर्ती जमिनीखाली जपून पुरलेलीही सापडली. पुजणं आणि खाणं यांचा हिशेब त्या लोकांनी कसा मांडला होता, ते त्यांनाच ठाऊक.

ही गाय वशिंडाचीच होती, हे हाडांवरून कसं कळतं? वशिंड तर मांसाचं, ते कुजून जातं. पण त्याखालच्या पाठीच्या काही मणक्यांचा वरचा काटा वशिंडाच्या गुरांमध्ये टोकाला दुभंगलेला असतो. एवढ्यावर जाणकार ओळखतो. वशिंडाची आणि बिनवशिंडाची गुरं यांची रानटी घराणी काही लाख वर्षांपूर्वीच वेगळी झाली. आपल्याकडची गाय माणसाळली ती सिंधूच्या खोऱ्यालगत, बलुचिस्तानातल्या मेहरगढच्या परिसरात. युरोपातून ती आली, हा समज जनुकशास्त्राने मोडीत काढला आहे.

यालाच चिकटून एक नवा बाजारी समज आहे, ए-२ दुधाचा. दुधातल्या बीटा-केसीन प्रथिनात २०९ अमिनो आम्लं असतात. त्यांतल्या ६७ व्या जागी प्रोलीन असेल तर ए-२, हिस्टिडीन असेल तर ए-१. भारतीय गाईंमध्ये जवळजवळ सर्वत्र ए-२ असतं, इतपत खरं. म्हशीतही तेच असतं, हे बाटलीवर कुणी छापत नाही. ए-१ दुधाने आजार होतात असा कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २००९ मध्ये काढला. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २१ ऑगस्ट २०२४ ला ए-१, ए-२ चे दावे वेष्टनांवरून काढा असं सांगितलं आणि पाचच दिवसांत तो आदेश मागे घेतला. देशी गाय पाळायला उन्हातला काटकपणा, कमी चाऱ्यावर तग धरणं आणि शेतीकामाचे बैल ही पुरेशी चांगली कारणं आहेत. दुप्पट भावाच्या दुधाची गरज नाही.

‘पाऊस गेला आणि गाव उठलं’

इ.स.पू. १००० नंतर इनामगाव उतरणीला लागलं. प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या, भांडी ओबडधोबड झाली. हवामान कोरडं झालं, गहू मागे पडला, लोक मेंढ्यांमागे फिरू लागले, अशी मांडणी ढवळीकरांनी केली, आणि ती पाठ्यपुस्तकी सत्य होऊन बसली. २०११ मध्ये ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इनामगावच्या लहान मुलांच्या सांगाड्यांवर पुस्तक लिहिलं. घराच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत पुरलेली ही मुलं. उत्तरकाळात त्यांच्या हाडांची वाढ खुरटलेली दिसते, म्हणजे हाल होते हे नक्की. मात्र नव्या हवामान-पुराव्याशी ताडून पाहिल्यावर सगळं एकट्या पावसाच्या माथी मारता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. अवर्षणग्रस्त तालुक्यात राहणाऱ्याला हे पटायला जड नाही. दुष्काळ सगळ्यांवर सारखा पडतो, पण उपाशी सगळे सारखे राहत नाहीत.

‘इथे आधी घनदाट जंगल होतं’

वृक्षारोपणाच्या प्रत्येक भाषणात हे वाक्य असतं. सह्याद्रीच्या माथ्यावर ते खरं, शिरूर-दौंड-बारामतीच्या पर्जन्यछायेत नव्हे. इथे ५००-६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, खाली बसाल्ट, वर कुठे मुरूम तर कुठे काळी. अशा जागी निसर्गतः उभं राहतं ते गवत आणि मधूनमधून काटेरी झाडं. हिवर, बाभूळ, बोर, तरवड, पळस. म्हणजेच माळरान. इनामगावच्या हाडांतला काळवीट हा मोकळ्या माळाचाच प्राणी, दाट जंगलात तो टिकत नाही. सुप्याच्या अवघ्या ५ चौरस किलोमीटरच्या मयूरेश्वर अभयारण्यात आज चिंकारा दिसतो, तोही माळाचाच.

२०२५ मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी एक वेगळाच पुरावा पुढे ठेवला. तेराव्या शतकापासूनचं मराठी वाङ्मय, लोकदैवतांच्या कथा, ओव्या चाळून त्यांत उल्लेखलेली झाडंझुडपं त्यांनी वेचली. ४४ वनस्पती ओळखता आल्या. त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांश माळरानाच्या निघाल्या, दाट जंगलाच्या जेमतेम तीन. साडेसातशे वर्षांपूर्वीचा मराठी माणूस मोकळा माळच पाहत होता.

इंग्रजांच्या कागदांत जिथून लाकूड किंवा सारा मिळत नाही ती जमीन ‘पड’ ठरली, आणि तीच नजर आपण उचलली. म्हणून माळावर खड्डे घेऊन झाडं लावली की पुण्य लागतं असं वाटतं. त्या खड्ड्यांत गवत जातं, गवताबरोबर धनगरांची चराई जाते आणि माळढोकासारखे पक्षी जातात. माळ आधीच ऊस, वसाहती आणि रांजणगावसारख्या औद्योगिक क्षेत्रांनी आक्रसला आहे. उरलेल्याला निदान झाडांपासून तरी वाचवावं, असं म्हणायची वेळ आली आहे.

‘जंगल तुटलं म्हणून बिबट्या गावात आला’

जुन्नर, आंबेगाव, शिरूर या पट्ट्यात हे बोलणं आता रोजचं. पिंपरखेड-जांबूत परिसरात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात बिबट्याच्या हल्ल्यात लागोपाठ माणसं गेली, त्यांत लहान मुलंही होती. तिथल्या लोकांचा संताप समजण्यासारखा आहे. पण कारण चुकलं की उपाय चुकतो.

इथला बिबट्या जंगलातून हाकलला गेलेला नाही. तो उसात जन्मला, उसात वाढला. ऊस दहा-बारा महिने उभा असतो, दाट असतो, पाण्याजवळ असतो. मादीला पिल्लांसाठी याहून निवांत जागा नाही, म्हणूनच तोडीच्या हंगामात फडात बछडे सापडतात. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातल्या शेतवस्तीच्या खोऱ्यात कॅमेरे लावून मोजणी केली. चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसं राहतात अशा त्या भागात १०० चौरस किलोमीटरला जवळपास पाच प्रौढ बिबटे निघाले. त्यांच्या विष्ठेवरून खाणंही तपासलं. ८७ टक्के भक्ष्य पाळीव किंवा वस्तीतलं, एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के.

‘पकडून लांब सोडा’ हा उपाय जुन्नरला करून झाला आहे. २००१ पासून पकडलेले बिबटे दूरच्या जंगलांत सोडले गेले. त्याआधी वर्षाला सरासरी चार हल्ले होत, त्या काळात ते सतरावर गेले, आणि त्यांत जीवघेण्यांचं प्रमाणही वाढलं. अनोळखी मुलखात सोडलेला प्राणी बिथरतो, आणि इकडे रिकाम्या झालेल्या उसात दुसरा बिबट्या शिरतो. माणसावर हल्ला करणारा नेमका प्राणी हटवावा लागतो, यात वाद नाही. दिसेल तो उचलण्याने मात्र काही साधत नाही.

पिंजऱ्यापलीकडची कामं कंटाळवाणी आहेत. मोकाट कुत्री कमी करणं, मेलेल्या कोंबड्या पोल्ट्रीमागे उघड्यावर न टाकणं, गोठ्याला वरून जाळी आणि पक्कं दार बसवणं, वस्तीवरच्या लेकरांना अंधार पडल्यावर उसाच्या कडेला एकटं न सोडणं. आणि शेतीची वीज. ती रात्रीची असली की उसाला पाणी धरायला माणूस नेमका बिबट्याच्या फिरण्याच्या वेळी, वाकून, एकटा बांधावर असतो. दिवसा वीज द्या ही या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांची जुनी मागणी आहे. वनखात्याने ती आपलीही मागणी म्हणून लावून धरायला हरकत नाही.