मांजराचा विश्वास

घरात वावरणाऱ्या प्राण्यांत मांजराइतका जवळचा आणि तरीही मांजराइतका अलिप्त प्राणी दुसरा क्वचितच आढळेल. ते चुलीशेजारी निजते, जेवणाऱ्यांच्या पानाभोवती घुटमळते, थंडीच्या दिवसांत अंथरुणात शिरून अंगाचे वेटोळे करते. परंतु सर्वच मांजरे अशी नसतात. काही मांजरे दुधासाठी जवळ येतात; मात्र पाठीवरून हात फिरू लागला, की थोड्याच वेळात वळून बोचकारतात किंवा चावा घेतात. अशा मांजराला लोक माजोरी म्हणतात, कृतघ्न म्हणतात. पुष्कळदा त्याला पोत्यात घालून गावाबाहेर सोडून देण्यात येते, आणि तेथे त्याचे पुढे काय झाले याची कोणी चौकशी करीत नाही. म्हणून मांजर असे का वागते हे समजून घेणे हा केवळ कुतूहलाचा विषय नव्हे. एका मुक्या जिवाचे भवितव्य त्यावर अवलंबून असते.

पाळीव मांजर हे आफ्रिका व पश्चिम आशिया येथील रानमांजराच्या वंशातले आहे. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाच्या शेजारी पुरलेल्या मांजराचा सांगाडा सापडला. हा शोध २००४ साली प्रसिद्ध झाला. मनुष्य शेती करू लागला, धान्य साठवू लागला. धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आले. कुत्र्याचे पूर्वज कळपाने राहत व कळपाने शिकार करीत. रानमांजर मात्र एकट्याने शिकार करणारे. शिवाय ते आकाराने लहान असल्यामुळे मोठ्या प्राण्यांचे भक्ष्यही होते. वरून झडप येणे आणि कोणीतरी घट्ट धरून ठेवणे, याचा अर्थ त्याच्या लेखी मरण असाच होता. वाघाची मावशी म्हणून मिरविणाऱ्या या प्राण्याच्या अंगात शिकाऱ्याचे धैर्य आणि सावजाचे भय ही दोन्ही एकत्र नांदत असतात.

त्याच्या शरीराची रचनाही या स्वभावाला साजेशी आहे. मांजराच्या वरच्या ओठावर दोन्ही बाजूंना प्रत्येकी सुमारे बारा मिशा असतात. तसेच राठ केस डोळ्यांच्या वर आणि पुढच्या पायांच्या मागील बाजूसही असतात. या केसांची मुळे कातडीत खोल रुजलेली असून त्यांच्याभोवती मज्जातंतूंचे दाट जाळे असते. हलकासा स्पर्शही त्यामुळे मांजराला जाणवतो. जो स्पर्श आरंभी सुखकर वाटतो, तोच सतत होत राहिला म्हणजे काही मांजरांना असह्य होतो. पोट आणि शेपटीचा बुंधा या जागा तर विशेष नाजूक असतात. मांजर उताणे झाले, की पुष्कळांना ते पोट कुरवाळून घ्यावयास तयार आहे असे वाटते. पण उताणे होणे ही निर्धास्तपणाची खूण आहे, स्पर्शाचे आमंत्रण नव्हे.

बालपणीच्या अनुभवांचाही यात मोठा वाटा असतो. अमेरिकेतील टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श या संशोधिकेने १९८०च्या दशकात मांजरांच्या पिलांचा अभ्यास केला. दुसऱ्या ते सातव्या आठवड्याच्या काळात ज्या पिलांना माणसांनी रोज हळुवारपणे हाताळले, ती पुढे माणसांना धिटाईने सामोरी गेली, असे तिला आढळले. ज्या पिलाच्या वाट्याला या काळात माणसाचा सहवास येत नाही, त्याला पुढे माणसाचा हात परका वाटतो. हा दोष त्या पिलाचा नसतो.

एकदा चावण्याची सवय लागली, की ती दृढ का होते, याचे उत्तर एका जुन्या प्रयोगातून मिळते. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८९८ साली भुकेल्या मांजरांना लाकडी पेटाऱ्यांत ठेवले व बाहेर अन्न ठेवले. आतील दोरी ओढली किंवा खटका दाबला म्हणजे दार उघडत असे. प्रथम मांजरे वाटेल तशी धडपडली. परंतु ज्या कृतीने सुटका झाली ती कृती ती पुढे अधिकाधिक लवकर करू लागली. घरातील चावऱ्या मांजराच्या बाबतीत हेच घडते. त्याने शेपूट हलवून नापसंती दर्शविली, ती कोणी पाहिली नाही. चावा घेतला तेव्हा मात्र हात तत्काळ मागे गेला. सौम्य भाषा निष्फळ ठरली आणि दातांची भाषा सफल झाली, एवढाच धडा त्याने घेतला.

तेव्हा उपायाचा आरंभ ही सौम्य भाषा शिकण्यापासून झाला पाहिजे. चावण्यापूर्वी मांजर बहुधा अनेक सूचना देते. शेपटीचे टोक आपटू लागते, कान बाजूला किंवा मागे वळतात, पाठीवरची कातडी थरथरते, अंग ताठ होते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, घुरघुर एकाएकी थांबते. यांपैकी एकही खूण दिसताच हात शांतपणे दूर केला पाहिजे. चावण्यापूर्वीच आपले म्हणणे ऐकले जाते असा अनुभव वारंवार आला, म्हणजे चावण्याचे प्रयोजनच उरत नाही.

त्याचबरोबर मांजर आजारी नाही याची खात्री करून घेणे आवश्यक असते. दाताचे दुखणे, कानातील विकार, सांधेदुखी, कातडीवरील जखम यांमुळे गरीब मांजरही चिडखोर बनते. स्वभाव अचानक पालटला असेल तर त्याला पशुवैद्याकडे नेणे हेच पहिले कर्तव्य होय.

पुढचे काम धीराचे आहे. मांजराला लपावयास हक्काची जागा हवी; साधे पुठ्ठ्याचे खोकेही पुरते. नेदरलँड्समधील उट्रेक्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली दाखवून दिले, की निवाऱ्यात नव्याने आणलेल्या ज्या मांजरांना असे खोके मिळाले, ती इतरांपेक्षा लवकर निर्धास्त झाली. मांजर लपले असता त्याला ओढून बाहेर काढू नये. त्याच्यापासून काही अंतरावर, त्याच्याकडे टक लावून न पाहता, स्वस्थ बसावे. रोज ठरावीक वेळी थोडे अन्न ठेवावे. ‘मांजर डोळे मिटून दूध पिते’ असे आपल्याकडे चेष्टेने म्हणतात; पण डोळे अर्धवट मिटण्याला मांजराच्या व्यवहारात निराळाच अर्थ आहे. ब्रिटनमधील ससेक्स विद्यापीठात २०२० साली झालेल्या अभ्यासात असे आढळले, की माणसाने मांजराकडे पाहून सावकाश डोळे मिटले व उघडले असता मांजरही तसेच करते, आणि अपरिचिताच्या हाताकडे येण्यासही अधिक राजी होते.

मांजर आपण होऊन जवळ आले म्हणजे एक बोट त्याच्या नाकाच्या उंचीवर धरावे. त्याने बोट हुंगून गाल घासला, तर गालावर, हनुवटीखाली किंवा कानाच्या पुढे दोन-तीन वेळाच हळुवार हात फिरवावा आणि थांबावे. ते पुन्हा अंग घासू लागले तरच पुढे जावे. दूर झाले तर जाऊ द्यावे. स्पर्श हवा की नको हे मांजरालाच ठरवू दिले, की ते कमी आक्रमक व अधिक प्रेमळ वागते, असे नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही दिसून आले.

या काळात मांजराला मारणे किंवा त्याच्यावर ओरडणे कटाक्षाने टाळले पाहिजे. शिक्षेचे कारण त्याला उमगत नाही. माणूस भयंकर आहे एवढेच उमगते. लहान मुलांनी अशा मांजराला मोठ्या माणसांच्या देखरेखीशिवाय हाताळू नये. मांजराने चावा घेतला किंवा ओरखडा काढला, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्वरित डॉक्टरांकडे जावे. मांजरामुळे रेबीज होऊ शकतो, म्हणून जखम लहान दिसली तरी ती घरात लपवून ठेवू नये.

अशा प्रयत्नांना कधी काही आठवडे लागतात, कधी अनेक महिने. काही मांजरे पुढे मांडीवर येऊन निजतात. काही कधीच येत नाहीत. परंतु जे मांजर पूर्वी पावलांचा आवाज होताच पळत असे, ते आता त्याच खोलीत पाठ करून निश्चिंत झोपत असेल, तर तोही विश्वासच होय. दुबळ्यावर बळजबरी करून त्याला जवळ आणता येते. पण त्याने आपल्या पायांनी जवळ यावे असे वाटत असेल, तर त्याला दूर जाण्याची मोकळीक प्रथम द्यावी लागते.